पोडावरची मुले आणि रिकामे मदतनीस पद : अंगणवाडीतील कपातीचा एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातील एका गावात फेब्रुवारी २०२४ ते ऑक्टोबर २०२५ अशी पावणेदोन वर्षे अंगणवाडी मदतनिसाचे पद रिकामे होते. या प्रकरणातील मूळ घटना एवढीच आहे. या काळात अंगणवाडीला कुलूप लागले नाही, आहार थांबला नाही आणि मासिक अहवालातील लाभार्थ्यांची संख्याही घटली नाही. तरीही गावापासून साधारण दीड किलोमीटरवर असलेल्या कोलाम पोडावरील (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरील) तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण या काळात जवळजवळ संपले, आणि त्याची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही. बालशिक्षणावरील सार्वजनिक खर्च आखडता घेतला जातो तेव्हा त्याचा फटका गावात नेमका कोणाला, कोणत्या वाटेने आणि किती उशिरा बसतो, हे या एका केंद्राच्या उदाहरणातून तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

गाव आणि केंद्र

गाव कोरडवाहू आहे. कपाशी, सोयाबीन आणि कपाशीच्या तासांत तूर, असे या भागाचे नेहमीचे पीक आहे. बायकांच्या हाताला काम जून ते फेब्रुवारी या काळात असते: आधी निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन महिनोन्‌महिने चालणारी कापूस वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे बाई जितकी लवकर शेतात पोहोचेल तितके तिचे पैसे जास्त होतात. ज्या घरात म्हातारे माणूस नाही, त्या घरातील लहान मूल दिवसभर कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न म्हणूनच शिक्षणाच्या आधी मजुरीचा प्रश्न असतो.

पोडावर कोलाम कुटुंबे राहतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. या घरांतून मुलांच्या कानावर पहिली भाषा पडते ती कोलामी. मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची, मोठ्या माणसांना बाजारापुरती व मालकाच्या शेतापुरती येते. पोडाची वस्ती स्वतंत्र केंद्र मिळण्याइतकी मोठी नाही, त्यामुळे तेथील मुले मुख्य गावातील अंगणवाडीच्या पटावर आहेत.

ती मुले केंद्रापर्यंत येत होती ती निवृत्त झालेल्या मदतनीसबाईंमुळे. त्या सकाळी पांदण रस्त्याने पोडावर जात, घराघरातून मुलांना हाक मारून गोळा करीत आणि ओळीने घेऊन येत. पावसाळ्यात मधला नाला भरला की लहानांना कडेवर घेऊन पलीकडे नेत. वर्षानुवर्षांच्या जाण्यायेण्यामुळे त्यांना कोलामी बऱ्यापैकी समजत असे आणि बोलताही येत असे. मदतनिसाच्या कामाच्या यादीत झाडलोट, पाणी भरणे, आहार वाढणे आणि मुलांना घरून आणणे ही कामे येतात. भाषांतर हे काम त्या यादीत नाही, पण केंद्रात ते त्याच करीत होत्या. नव्याने आलेले मूल रडत असेल तर ते भुकेने, भीतीने की लघवी लागली म्हणून, हे सेविकाताईंना त्याच सांगत.

सेविकाताईंचे शिकवणे पाहण्यासारखे होते. राज्याचा ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी आपल्या पद्धतीने गावच्या वस्तूंवर उतरवला होता. एका वाटीत चिंचोके आणि दुसरीत सरकी ठेवून त्या मुलांना विचारीत की जास्त कशात आहे. ज्याला अजून मोजता येत नव्हते ते मूल एक चिंचोका आणि एक सरकी अशा जोड्या लावत जायचे, आणि शेवटी जोडीदार न मिळालेले चिंचोके उरले की स्वतःच सांगायचे, “हे जास्त.” मोजणी येण्यापूर्वीची समज हीच. पऱ्हाटीच्या तोडून गुळगुळीत केलेल्या काड्या लांबीप्रमाणे लावणे, ऐकलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगणे आणि मग तीच सेविकाताईंच्या मराठीत पुन्हा ऐकणे, असा तास-सव्वा तास रोज होत असे. त्यासाठी त्यांना एकच गोष्ट लागत होती : त्या तासात दुसरे काम अंगावर नसणे.

पद रिकामे झाल्यावर

राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला आणि २५ जानेवारी २०२४ रोजी मिटला. संप मिटला त्याच आठवड्यात मदतनीसबाई वयोमानाने निवृत्त झाल्या. नवी नेमणूक लवकर होईल असे पर्यवेक्षिका सांगत राहिल्या. त्यांचाही दोष नाही, कारण भरतीचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

सुरुवातीचे काही आठवडे सेविकाताई स्वतः पोडावर गेल्या. पण त्या पोडावर गेल्या की गावातील मुले केंद्राच्या पायरीवर बसून राहत, आणि केंद्र वेळेवर उघडल्याची नोंद पोषण ट्रॅकर या मोबाइलवरील नोंदणी अ‍ॅपमध्ये होत नसे. त्यांनी जाणे थांबवले. त्यानंतर पोडावरची मोठी मुले शाळेत येताना धाकट्यांसाठी डबा आणत आणि दुपारी त्यातून खिचडी किंवा उसळ घेऊन जात. म्हणजे आहार दिला जात होता, तो खऱ्या मुलांच्या पोटात जात होता आणि नोंदही खोटी नव्हती. अहवालात पोडावरचे प्रत्येक मूल ‘लाभार्थी’ राहिले. ते केंद्रात बसत नाही हे सांगणारा रकाना अहवालात होता, पण वरच्या बैठकीत त्याबद्दल कोणी विचारत नसे. आहार किती जणांना, वजन किती जणांचे, आधार जोडणी किती जणांची, या तीन प्रश्नांतच बैठक संपत असे.

गावातील मुलांचा तासही टिकला नाही. मदतनीस नसल्यामुळे झाडणे, पाणी, वाढणे, भांडी आणि लहानांना बाहेर नेणे हे सगळे सेविकाताईंवर आले. त्यातच जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. महिना १,५०० रुपयांच्या या योजनेचे अर्ज भरण्याचे काम अंगणवाडी सेविकांकडे आले, आणि अर्जाची मुदत वाढत जाऊन ऑक्टोबरपर्यंत लांबली. अंगणवाडीच्या ओट्यावर सकाळपासून बायकांची रांग, हातात बँकेचे पासबुक आणि रेशनकार्ड, आणि आत मुले चिंचोक्यांच्या वाट्या घेऊन आपापसांत, असे चित्र त्या पावसाळ्यात या केंद्रावर रोजचे होते. पुढे पडताळणीची कामे आली, आणि जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थ्यांच्या चेहऱ्याची ओळख पटवण्याची अट आली. पोडावर नेटवर्क हातपंपाजवळच्या टेकाडावरच मिळत असल्यामुळे ती अट पाळताना सेविकाताईंचा आणि आयांचा अर्धा दिवस जाऊ लागला.

यात योजनांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पोडावरच्या बायकांना १,५०० रुपये मिळू लागल्याचा फायदा स्पष्ट दिसतो. पण एका मुद्द्याकडे डोळेझाक करता येत नाही. गावातील ज्या घरांना परवडत होते त्यांनी या दीड-पावणेदोन वर्षांत आपली मुले पांढरकवड्याच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये घातली, सकाळी पिवळी व्हॅन येते आणि केजी-वन, केजी-टूची मुले गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून जातात. त्यांपैकी एका आईने व्हॅनचे भाडे लाडक्या बहिणीच्या पैशातून देत असल्याचे सरळ सांगितले. सेविकेचा तास सरकारने अर्जांसाठी घेतला, अर्जातून मिळालेले पैसे आईने व्हॅनवाल्याला दिले, आणि तिच्या मुलाला त्या बदल्यात चिंचोक्यांऐवजी चार रेघी वहीत ए ते झेड गिरवण्याचा गृहपाठ मिळाला. सार्वजनिक पैशाचा हा प्रवास कोणी आखलेला नाही, पण तो झाला.

पोडावर व्हॅन जात नाही. तेथील एका आईचे म्हणणे असे होते : “पोट्ट्याले कोण नेईन आता? मी वेचाले नाही गेली तं रोजी बुडते. मंग मोठीले घरी ठेवतो.” ‘मोठी’ म्हणजे जिल्हा परिषद शाळेतील चौथीची मुलगी. वेचणीच्या महिन्यांत ती शाळेत कधी येई, कधी येत नसे. म्हणजे रिकामे पद अंगणवाडीचे होते, पण शाळा बुडाली ती चौथीतल्या मुलीची. असा परिणाम महिला व बालविकास विभागाच्या आकड्यांत येऊ शकत नाही, कारण ती मुलगी त्या विभागाची नाही. शिक्षण विभागाच्या आकड्यांत ती केवळ अनियमित विद्यार्थिनी असते.

पैशाचा हिशेब

अंगणवाडीवरील खर्चात दोन तऱ्हांनी कपात झालेली दिसते. पहिली उघड होती. केंद्राच्या २०१५-१६ च्या अर्थसंकल्पात, अंगणवाड्या ज्यातून चालतात त्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या सुमारे १८,००० कोटी रुपयांवरून सुमारे ८,३०० कोटींवर आणली गेली. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केल्यामुळे राज्यांनी हा भार उचलावा, असा त्यामागील युक्तिवाद होता. त्यावर ओरड झाली आणि पुढे पुरवणी तरतुदींनी बराचसा खड्डा भरला गेला. मात्र मानधनासारख्या आहाराव्यतिरिक्तच्या खर्चात केंद्र आणि राज्य यांच्या वाट्याचे प्रमाण ६०:४० असे झाले.

दुसरी कपात हळू चालणारी आहे आणि तिच्यावर ओरड होत नाही. सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या नावाखाली २०२१-२२ मध्ये केंद्राने २०,१०५ कोटी रुपये ठेवले होते. २०२५-२६ मध्ये ते २१,९६० कोटी झाले. चार वर्षांत ही वाढ सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास भरते. किरकोळ महागाईचा सरासरी दर २०२२-२३ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के होता, म्हणजे केवळ या तीन वर्षांत किमती साडेसतरा टक्क्यांनी चढल्या. आकडा वाढत राहिला आणि त्यातून मिळणारी वस्तू व माणसाचा वेळ कमी होत गेला. मुलामागे रोजच्या आहाराचा ८ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरला आणि या प्रकरणाच्या काळातही तोच होता. सेविकेच्या मानधनातील ४,५०० रुपयांचा राष्ट्रीय दर ऑक्टोबर २०१८ चा आहे, आणि त्यातही ६० टक्क्यांच्या हिशेबाने केंद्राचा प्रत्यक्ष भार २,७०० रुपयेच पडतो. महाराष्ट्रात सेविकेचे मानधन २०२३ मध्ये १०,००० आणि ऑक्टोबर २०२४ पासून १३,००० रुपये झाले. वरची सगळी रक्कम राज्याची आहे. त्याच राज्याने २०२५-२६ साठी लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी रुपये ठेवले. अशा ओढाताणीत जे पद रिकामे आहे ते काही महिने रिकामेच राहू देणे हा कोणत्याही खात्याचा सर्वांत सोपा बचतमार्ग असतो, कारण त्यासाठी आदेश काढावा लागत नाही.

या केंद्रापुरता हिशेब पाहिला तर मदतनिसाचे मानधन सप्टेंबर २०२४ पर्यंत ५,५०० आणि नंतर ७,५०० रुपये धरून पावणेदोन वर्षांत शासनाचे सुमारे १ लाख ४१ हजार रुपये वाचले. याच काळात सेविकेचे मानधन, इमारत, आहार आणि मोबाइल या सगळ्यांवर पूर्ण खर्च होतच होता. महाग भाग विकत घेऊन झाल्यावर, ज्या स्वस्त भागामुळे त्याचा उपयोग व्हायचा तोच वाचवला गेला. शिक्षण साहित्याचेही तसेच आहे. पूर्वशालेय साहित्याच्या पेटीसाठी केंद्रामागे वर्षाला ५,००० रुपयांचा दर आहे; पटावर २५ मुले धरली तर मुलामागे वर्षाला २०० रुपये. आहारावर वर्षातील ३०० दिवसांच्या हिशेबाने मुलामागे २,४०० रुपये होतात. आहाराचे हे पैसे जास्त आहेत असे म्हणण्याचे धाडस विदर्भातील कुपोषणाची स्थिती माहीत असलेला कोणी करणार नाही, ते कमीच आहेत. पण शिकवण्याच्या वाट्याला त्याचा बारावा हिस्सा येतो आणि तोही दर वर्षी वेळेवर पोहोचत नाही.

शिकवण्याचाच तास आधी का जातो

याचे उत्तर कायद्यात आहे. आहाराला कायद्याचे पाठबळ मिळाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ पासूनच्या आदेशांनी, विशेषतः डिसेंबर २००६ च्या आदेशाने, अंगणवाड्यांचे जाळे वाढवणे सरकारांना भाग पाडले, आणि राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. संविधानाच्या ८६ व्या दुरुस्तीने, म्हणजे २००२ मध्ये, सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये गेले. तेथे राज्याने त्यासाठी ‘प्रयत्न’ करावयाचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम ११ ही व्यवस्था शासन करू शकेल असे म्हणते, करीलच असे म्हणत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, पण धोरण न्यायालयात मागता येत नाही. खिचडी न मिळालेल्या मुलाची तक्रार करता येते, गोष्ट न ऐकलेल्या मुलाची करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी थांबवला तेव्हा वर्तमानपत्रांत लगेच बातम्या आल्या, कारण ताटातले अंडे गेलेले दिसते.

विदर्भाच्या बाबतीत हे जास्त खटकते. सेवाग्रामला जानेवारी १९४५ च्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा विस्तार करताना सात वर्षांखालील मुलांचे पूर्व बुनियादी शिक्षण त्या आराखड्यात घेतले गेले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा मेळघाटातील धारणी त्यात होती. पन्नास वर्षांनंतरही या योजनेचे वर्णन गावात ‘खाऊची शाळा’ असेच होते, यात गावाचा दोष कमी आणि विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा जास्त आहे.

पहिलीच्या दारात

परिणाम दिसला तो एप्रिल २०२५ मधील शाळापूर्व तयारी मेळाव्यात. ‘पहिले पाऊल’ या अभियानातील या मेळाव्यात जूनमध्ये पहिलीत येणारी मुले एकेका टेबलावर जातात : उड्या मारणे, वर्गीकरण करणे, चित्रावर बोलणे, वस्तू मोजणे. प्रत्येकाच्या हातात विकासपत्र असते.

पोडावरील एका घरातील मुलाचे उदाहरण शाळेच्या गुरुजींनी स्वतःहून दिले. या मुलाची थोरली बहीण दोन वर्षे मदतनीसबाईंच्या ओळीत अंगणवाडीत येऊन २०२३ मध्ये पहिलीत दाखल झाली होती. तेव्हाच्या मेळाव्यात तिने चित्र पाहून कोलामी मिसळलेल्या मराठीत चार वाक्ये सांगितली होती आणि पाच वस्तू मोजून दिल्या होत्या. पहिलीत ती लगेच रुळली. तिचा भाऊ २०२५ च्या मेळाव्यात आला तेव्हा त्याने एकाही टेबलावर तोंड उघडले नाही. त्याला वस्तू वेगळ्या करता आल्या नाहीत असे नव्हते. गुरुजींनी बहिणीला बोलावले, तिने कोलामीत सांगितले आणि त्याने लाल-पिवळी बटणे चटकन वेगळी केली. बुद्धी दोघांना सारखीच होती. शाळेची भाषा, अनोळखी माणसासमोर बोलण्याची सवय आणि सूचना ऐकून कृती करण्याचा सराव त्याला मिळाला नव्हता. गुरुजींचे म्हणणे होते की अशा मुलाची पहिलीतील पहिली सहामाही केवळ बोलके होण्यात जाते, आणि तोवर वर्ग जोडाक्षरांपाशी आलेला असतो.

एका घरातील दोन भावंडांवरून निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरत नाही; घरची परिस्थिती, मुलाचा स्वभाव, आजारपण यांचाही वाटा असू शकतो. परंतु नेमक्या याच प्रश्नावर तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर नियंत्रित प्रयोग झालेला आहे. तेथे ३२० अंगणवाड्यांत बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कर्मचारी देण्यात आली, आणि तिच्याविना चालणाऱ्या तितक्याच केंद्रांशी तुलना करण्यात आली. गॅनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांच्या निष्कर्षानुसार त्यामुळे शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचे गणिताचे गुण ०.२९ आणि भाषेचे ०.४६ प्रमाण विचलनाने (मुलांच्या गुणांतील फरक मोजण्याच्या मापाने) वाढले, आणि शिक्षणाची जबाबदारी दुसरीवर गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या सेविकेला पोषणाकडे लक्ष देता आल्याने खुजेपणा व तीव्र कुपोषणही घटले. खर्चाच्या कित्येक पट लाभ होईल असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या गावात घडले ते या प्रयोगाच्या बरोबर उलट : दोन हातांपैकी एक काढून घेतला आणि शिकवणे व पोषणावरील लक्ष दोन्ही पातळ झाले.

बालशिक्षणाच्या समर्थनार्थ अमेरिकेतील मिशिगन राज्यातील पेरी पूर्वशाळेचा दाखला नेहमी दिला जातो. १९६२ ते १९६७ या काळातील त्या प्रयोगात १२३ मुले होती, आणि नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी त्यावरील परतावा वार्षिक ७ ते १० टक्के काढला. तो दाखला येथे जपून वापरावा, असे मला वाटते. तेथे प्रशिक्षित शिक्षिका होत्या, थोडी मुले होती आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जात. रांगेत अर्ज भरणाऱ्या सेविकेच्या अंगणवाडीला तो परतावा लावून दाखवणे म्हणजे पेरणी न करता उताऱ्याचा अंदाज बांधणे होय. परतावा इमारतीतून येत नाही, तो त्या तासातून येतो.

ग्रामसभा आणि त्यानंतर

१ मे २०२५ च्या ग्रामसभेत गुरुजींनी हा विषय काढला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. या गावात ती आजवर शिलाई मशीन, सतरंज्या आणि ८ मार्चचा कार्यक्रम यांवर जात असे. त्यातून पोडावरच्याच एका दहावी झालेल्या मुलीला महिना ३,००० रुपये देऊन मुलांना आणण्याचे आणि केंद्रात थांबण्याचे काम द्यावे, असा प्रस्ताव आला.

विरोधही झाला आणि तो बिनबुडाचा नव्हता. एका जुन्या सदस्यांनी विचारले, “हे सरकारचं काम हाय, आपण काऊन पैसे द्यावं? आपण दिले तं ते पद कधीच भरनार नाही.” ही शंका रास्त आहे, गावाने एकदा भार उचलला की वरच्या यादीतून ते गाव तातडीचे राहत नाही. दुसरीकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखापरीक्षणाची काळजी होती : आराखड्यात नसलेल्या व्यक्तीला मानधन कोणत्या आधारावर द्यायचे? सरपंचबाईंनी शेवटी मुलांचे एक वर्ष म्हणजे परत न येणारे वर्ष, एवढ्याच मुद्द्यावर ठराव रेटला. माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता, आणि जुन्या सदस्यांची शंकाही बरोबर होती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

जुलैपासून पोडावरची मुले पुन्हा येऊ लागली. ती मुलगी कोलामी बोलणारी असल्यामुळे पहिल्या आठवड्यातले रडणे लवकर थांबले. पण पैसे सप्टेंबरअखेर संपले. कपाशीच्या गावात घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली कापूस विकल्यानंतर, म्हणजे जानेवारीपासून पुढे होते. ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतीच्या स्वनिधीच्या खात्यात जवळजवळ काहीच नसते. वेचणी तोंडावर आली, आयांना मुले सांभाळणारे कोणी हवे होते, आणि नेमका तेव्हाच तो महिना कोरडा गेला. सरकारने कायमस्वरूपी द्यावयाचा खर्च स्थानिक देणग्यांवर किंवा स्वनिधीवर का सोडता येत नाही, याचे हे सरळ कारण आहे : ज्या हंगामात गरज सर्वाधिक असते त्याच हंगामात गावाकडे पैसा सर्वांत कमी असतो.

दरम्यान राज्याने २०२५ च्या सुरुवातीला सेविका व मदतनिसांची १८,८८२ पदे भरण्याची घोषणा केली होती. त्यांत १३,२४३ पदे मदतनिसांची होती. या गावचे पद त्या भरतीत आले आणि नोव्हेंबरमध्ये नवी मदतनीस रुजू झाली. २०२३ पासून या पदालाही बारावीची अट आहे. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी पोडावरून मुले आणणारी मुलगी अर्जच करू शकली नाही. शिकलेली माणसे या पदावर यावीत हे धोरण चुकीचे म्हणता येणार नाही. पण पोडावर बारावी झालेली मुलगी मिळणे अवघड आहे, आणि कोलामी येणे ही अट कुठेच नाही.

निवड झालेल्या बाई मुख्य गावातील पदवीधर आहेत, होतकरू आहेत आणि चिंचोके-सरकीचा खेळ त्यांनी उत्साहाने उचलला आहे. गावातील मुलांचा तास त्यांच्यामुळे परत आला, आणि व्हॅनने जाणारी दोन मुलेही त्यांच्यामुळे परत आली. पोडावर एकटीने पायी जायला मात्र त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारता येत नाही. हा टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचा पट्टा आहे. २०१८ मध्ये माणसांवर हल्ले करणाऱ्या टी-१ वाघिणीच्या प्रकरणात राळेगाव व केळापूर भागातील माणसांनी जे भोगले ते अजून कोणी विसरलेले नाही. आधीच्या बाई जात होत्या त्या आदेशाने नव्हे, स्वखुशीने. पोडावरून मुले आणण्याचे अंतर, त्याची सोबत आणि त्याचा भत्ता यांतील काहीही मदतनिसाच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नाही.

सध्या पोडावरची मुले आठवड्यातून दोन-तीन दिवस येतात, तीही शाळेत जाणाऱ्या भावंडांसोबत आणि आई कामावर कोणत्या दिशेला जाते त्यावर. ग्रामपंचायतीने बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी मागणी केली आहे की पोडावरील एका स्त्रीला मुलांना आणण्या-पोहोचवण्यासाठी व केंद्रात भाषेची मदत करण्यासाठी मानधन द्यावे. मागणीवर पर्यवेक्षिकेची अनुकूल शिफारस झाली. तालुक्याहून कागद एकदा परत आला असून हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावयाचा, एवढे कळवण्यास ग्रामपंचायतीला सांगितले आहे.